बंदिशाळा आणि जातिभेद : एक ऐतिहासिक आढावा

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कुलदैवते, मूळ गावे, नामवंत पूर्वज आणि शिष्यवृत्त्या यांविषयीचे लेख यावेत, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तही आहे. अशा अंकासाठी आम्ही बंदिशाळेचा विषय निवडला, याचे काही ज्ञातिबंधु-भगिनींस नवल वाटेल. परंतु ज्ञातिसंस्था ज्या नात्यावर उभी असते, त्या जातीच्या नात्याची दोन रूपे आहेत. एक रूप आधाराचे. त्यातून वसतिगृहे निघाली, पतपेढ्या निघाल्या, अडल्यानडल्या कुटुंबांस हात मिळाला. दुसरे रूप प्रतवारीचे. कोण वर, कोण खाली, कोणी स्वयंपाक करावा, कोणी मैला उचलावा, हे जन्मावरून ठरविण्याचे. हे दुसरे रूप घरात व गावात चालीरीतींच्या आवरणाखाली झाकलेले राहते. बंदिशाळेत मात्र ते सरकारी नियमांच्या पुस्तकात छापलेले आढळते. म्हणून जातीचा विचार करणाऱ्याने एकदा तरी तुरुंगाच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ज्याला आपण आज तुरुंग म्हणतो, म्हणजे ठरावीक मुदतीची शिक्षा भोगण्यासाठी बांधलेली स्वतंत्र सरकारी इमारत, ती आपल्याकडे फारशी जुनी नाही. मराठेशाहीत कैदेची जागा म्हणजे डोंगरी किल्ले. गुन्हेगारास दंड करीत, हद्दपार करीत, प्रसंगी हातपाय तोडीत किंवा देहान्त शासन देत. आणि ज्यांना मारणे सोयीचे नसे वा शास्त्रास संमत नसे, त्यांना बेड्या घालून गडावर ठेवीत. १७५६ साली विजयदुर्ग पडल्यावर तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या हाती सापडले, ते पुढे जन्मभर किल्ल्यांच्या कैदेतच राहिले. त्या काळी ब्राह्मणास व स्त्रियांस सामान्यतः देहान्त शिक्षा देत नसत. एकाच अपराधास एकाला मृत्यू व दुसऱ्याला गडाची कैद, हा फरक पुष्कळदा जातीवरून पडे. तेव्हा शिक्षेत जात पाहण्याची रीत इंग्रजांनी आणली, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. इंग्रजांनी त्या रीतीस कायद्याचे व कारभाराचे रूप दिले, हे म्हणणे अधिक खरे आहे.

इंग्रजी अमलात प्रारंभी जुने किल्लेच तुरुंग म्हणून वापरात आले. ठाण्याच्या किल्ल्यात त्रिंबकजी डेंगळे यांना ठेवले होते. तेथून ते १८१६ साली निसटले, व खिडकीखाली घोड्याची चाकरी करणाऱ्या मराठी मोतद्दाराने गाण्यांतून त्यांना सुटकेची खूण कळविली, ही कथा सर्वतोमुखी झाली. हाच किल्ला पुढे कायमचा तुरुंग झाला. अलिबागेस कान्होजी आंग्र्यांचा हिराकोटही त्याच वाटेने गेला. पुण्याजवळचे येरवड्याचे प्रसिद्ध कारागृह मात्र १८७१ साली तुरुंग म्हणूनच बांधले गेले.

कंपनी सरकारच्या आरंभीच्या तुरुंगांत कैद्यास रोजचा शिधा किंवा थोडे पैसे मिळत आणि प्रत्येक जण आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे आपली चूल मांडी. तुरुंगाच्या आवारात शेकडो चुली पेटत. १८३६ साली सरकारने तुरुंगांच्या शिस्तीसंबंधी एक समिती नेमली. तिच्यात मेकॉले होता. १८३८ साली तिचा अहवाल आला आणि शिक्षा अधिक कडक व एकसारखी असावी, असे धोरण ठरले. त्यानंतरच्या काळात बंगाल इलाख्यात एकत्र स्वयंपाकाची पद्धत सुरू झाली. दुसऱ्याच्या हातचे अन्न खाल्ल्यास आपण बाटू व सुटून गेल्यावर आपली ज्ञाती आपणांस पंक्तीला घेणार नाही, ही भीती कैद्यांच्या मनात बसली. बिहारातील तुरुंगांत दंगे झाले. १८५५ साली आरा व मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्यात आली, तेव्हा तर तुरुंगाबाहेरचे लोकही कैद्यांच्या बाजूने धावून आले. मातीचे भांडे एकदा विटाळले की शुद्ध होत नाही, पितळेचे घासून शुद्ध करता येते, हा त्यातील मुद्दा. शेवटी सरकारला लोटे परत द्यावे लागले. पुढे दोनच वर्षांत सत्तावनचा उठाव झाला, आणि ठिकठिकाणी तुरुंगांचे दरवाजे फोडण्यात आले.

या प्रकरणांतून सरकारने जो धडा घेतला, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. तुरुंगाची शिस्त ठेवायची, परंतु उच्च मानलेल्या जातींच्या सोवळ्याओवळ्यास धक्का लावायचा नाही, अशी तडजोड निघाली. सामुदायिक मुदपाकखाना राहिला. पण तेथे आचारी म्हणून योग्य जातीचा कैदी नेमायचा. शौचकूप साफ करण्यासाठी त्या कामाची वंशपरंपरा ज्यांच्या माथी मारली होती, त्या जातींचे कैदी वेगळे काढायचे. लोट्यासाठी ज्यांनी दंगा केला त्यांचे गाऱ्हाणे सरकारने ऐकले. ज्याच्या हाती झाडू व मैल्याची पाटी दिली गेली त्याला मात्र कोणी विचारलेच नाही. एका माणसाचे सोवळे राखले गेले ते दुसऱ्या माणसास अधिक खाली लोटून, हे या तडजोडीचे खरे स्वरूप होय.

१८९४ साली तुरुंगांचा कायदा झाला व त्याच्या आधारे प्रांतोप्रांती तुरुंगांच्या नियमांची जाडजूड पुस्तके तयार झाली. त्यांत अन्न किती, बेड्या किती वजनाच्या, दळण किती, हे जसे लिहिले, तसेच कोणत्या जातीच्या कैद्याने कोणते काम करावे हेही कोठे स्पष्टपणे तर कोठे आडवळणाने लिहिले गेले. कोठे ब्राह्मण किंवा पुरेशा वरच्या जातीचा हिंदू कैदी स्वयंपाकास पात्र ठरला. कोठे मेहतर व हाडी या जातींतून झाडूवाले निवडावेत असे ठरले. कोठे साध्या कैदेच्या माणसास हलके काम सांगू नये, मात्र तो तसल्या कामाची सवय असलेल्या जातीचा असल्यास सांगावे, असा अपवाद घातला गेला. माणूस चोरीसाठी आत आलेला असो वा मारामारीसाठी, आत आल्यावर त्याला अपराधाच्या शिक्षेबरोबर जन्माचीही शिक्षा भोगावी लागे.

याहून कठोर गोष्ट १८७१ सालीच झाली होती. त्या वर्षीच्या कायद्याने संपूर्ण जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारने घेतला. एकदा जमातीचे नाव जाहीर झाले की त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद नाही. नावनिशी पोलिसांत नोंदवावयाची, हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचा नाही. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली देशभर पसरविण्याची सोय झाली, व १९२४ साली तो पुन्हा एकत्र करून पक्का करण्यात आला. आईबापांपासून मुले वेगळी काढण्याचीही तरतूद त्यात शिरली. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरची वसाहत या संदर्भात सर्वांत ठळक. तारेच्या कुंपणात हजारो माणसे, हजेरीचा भोंगा, गिरणीतले काम आणि संध्याकाळी पुन्हा कुंपण. तेथे जन्मलेले मूल कोणताही अपराध न करता बंदिवान ठरे. वसाहतीतील शाळा व कामधंदा यांमुळे काहींस स्थैर्य लाभले, हे खरे. पण मोकळ्या माणसास शाळेत घालणे वेगळे आणि कुंपणात डांबून शिकविणे वेगळे.

याच्या नेमका उलट असा एक प्रयोग त्याच दशकांत सोलापूरपासून फार दूर नसलेल्या मुलुखात झाला, ही इतिहासाची मौज आहे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे जन्मठेपेच्या कैद्यांची मोकळी वसाहत वसविली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची या कल्पनेस प्रेरणा होती. तेथे भिंत नाही, कुंपण नाही. कैद्याने शेती करावी व कुटुंबासह राहावे, त्याला राखणारा पहारा म्हणजे त्याच्यावर टाकलेला विश्वास. आटपाडीच्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली व व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एकीकडे खुनाची शिक्षा झालेला माणूस उघड्या शेतात, आणि दुसरीकडे काहीही न केलेले पोर तारेच्या आत. एका ठिकाणी माणसाचे आजचे वर्तन पाहिले गेले, दुसऱ्या ठिकाणी त्याचा जन्म. एवढ्यानेच किती अंतर पडते, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

तुरुंगाच्या भिंतीबाहेर ज्ञातींचा कारभारही फारसा उदार नव्हता. कैद भोगून आलेल्या माणसाने तेथील अन्न खाल्ले, या कारणास्तव त्याच्याकडून प्रायश्चित्त मागण्याची चाल अनेक जातींत होती. काळ्या पाण्याची सजा झालेल्यास तर परतीची वाट जवळजवळ बंदच. सरकारी शिक्षा संपली की ज्ञातीची सुरू होई. आणि ती बहुधा त्याच्या बायकोमुलांस अधिक भोगावी लागे. मुलीचे लग्न अडे, मुलास कोणी हाताशी घेत नसे, सणाच्या आमंत्रणातून घर वगळले जाई.

या दृष्टीत प्रथम पालट झाला तो राजकीय कैद्यांमुळे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात लोकमान्य टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. आगरकरांनी तेथील एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि सुशिक्षित मराठी घरांस तुरुंगाचे आतले दर्शन घडले. पुढे मंडालेच्या कैदेत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने झाली व ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. तुरुंगास जाणे हा कलंक नसून मान आहे, अशी भावना रुजली. तथापि या पालटास एक मर्यादा होती. मान मिळाला तो देशासाठी तुरुंगात गेलेल्यांस. शेजारच्या बराकीतील साधा कैदी होता तेथेच राहिला. १९३० साली सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले, तेही शिक्षण, सामाजिक दर्जा व राहणीमान पाहून. म्हणजे जातीला वर्गाची जोड मिळाली.

या पार्श्वभूमीवर १९३२ सालची एक घटना आम्हांस फार मोलाची वाटते. त्या वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर नेते यांच्या वाटाघाटींतून पुणे करार झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यानंतर सवादोन महिन्यांनी त्याच तुरुंगात गांधीजींनी आणखी एक उपवास आरंभिला होता, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. त्याचे कारण रत्नागिरीच्या तुरुंगात घडले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन तेथे सत्याग्रही कैदी होते. त्यांनी शौचकूप साफ करण्याचे काम आपणांस द्यावे, अशी मागणी केली. ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांचे, सवर्ण कैद्यास ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. ही वार्ता कळताच गांधीजींनी सहानुभूती म्हणून ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास सुरू केला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो लगेच सुटला.

उपवास अल्प काळाचा, पण त्यातील प्रश्न फार मोठा. बिहारातील कैदी आपले सोवळे राखण्यासाठी भांडले होते. अप्पासाहेब आपले सोवळे टाकण्यासाठी भांडले. आणि गंमत अशी की, पहिल्यांपुढे सरकार नमले व त्यांचे म्हणणे नियमांत उतरले. दुसऱ्यास ‘नियमात बसत नाही’ असे सांगण्यात आले. जो नियम झाडूवाल्यास झाडूशी बांधतो, तोच सवर्णासही झाडू उचलू देत नाही. साखळीची दोन्ही टोके एकाच भिंतीत रोवलेली असतात, हे त्या दिवसांत उघड झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, पंधराव्याने जातीवरून भेद करण्यास बंदी केली, तेविसाव्याने वेठबिगार निषिद्ध ठरविली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला व त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. परंतु तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. राज्या-राज्यांत नियमांची जुनी पुस्तके थोड्याफार फरकाने पुन्हा छापली जात राहिली आणि त्यांत जुनी वाक्येही राहिली. गुन्हेगार जमातींच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द आला, व पुष्कळ ठिकाणी तो त्याच लोकांवर चिकटविला गेला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने हा छळ मराठी वाचकांपुढे मांडला. त्यास १९८८ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

अखेर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाचा निकाल लावला. पत्रकार सुकन्या शांता यांनी निरनिराळ्या राज्यांतील नियम व तुरुंगांतील वस्तुस्थिती यांचा शोध घेऊन याचिका केली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला व न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने जातीवरून कामे वाटणारे, जातीवरून बराकी वेगळ्या करणारे आणि विमुक्त जमातींस जन्मतः संशयित मानणारे नियम घटनाविरोधी ठरविले. नियमांच्या पुस्तकांत तीन महिन्यांत दुरुस्ती करावी आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना व जातीचे उल्लेख काढून टाकावेत, असा आदेश झाला. तुरुंगात असा भेद चालू आहे काय, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी व तुरुंग पाहणी मंडळांनी वेळोवेळी तपासावे, असेही सांगण्यात आले. अप्पासाहेबांच्या रत्नागिरीतील मागणीपासून या निकालापर्यंत जवळजवळ ब्याण्णव वर्षे गेली.

निकाल झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती; जागा सुमारे ४ लाख ३६ हजारांची. त्यांपैकी दर चारांत तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही असे. २०१९ च्या आकड्यांवरून संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे दोन तृतीयांश कैदी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांतील होते. नोंदवहीतला रकाना पुसला, तरी दाराशी कोण येऊन पडतो हे अजून पुष्कळ अंशी गरिबी व जन्म यांवरच ठरते. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही, म्हणून आत राहणारी माणसे थोडी नाहीत.

येथे ज्ञातिसंस्थेचा संबंध येतो. एखाद्या कुटुंबावर असा प्रसंग ओढवला, तर आजही ते कुटुंब प्रथम गप्प बसते. मेळाव्यास येत नाही, वधू-वर सूचक मंडळात नाव घालीत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज करीत नाही. त्यांस वाळीत कोणी टाकीत नाही. ती माणसे स्वतःच दूर होतात आणि बाकीचे ते दूर होणे सोयीचे म्हणून चालू देतात. जुने प्रायश्चित्त गेले, त्याची जागा मौनाने घेतली आहे. हे मौन मोडणे कोणत्याही ज्ञातिसंस्थेस शक्य आहे व त्यास फारसा पैसाही लागत नाही.

काही गोष्टी प्रत्येक घरास ठाऊक असाव्यात, म्हणून त्या येथे नोंदवून ठेवतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीस वकिलाची मदत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, व त्यासाठी जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद आहे की, फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या अपराधांखेरीज इतर बाबतींत, कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढलेल्या कच्च्या कैद्यास, आणि पूर्वी कधी शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांश मुदत काढलेल्यास, जामिनाचा विचार व्हावा. एकाहून अधिक खटले असल्यास मात्र अडचण येते. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत व दंडासाठी २५ हजारांपर्यंत साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ साली आखली. ज्ञातीत वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, जिल्हा न्यायालयाच्या वाटा माहीत असलेली माणसे आहेत. त्यांनी एखाद्या घरासोबत त्या कचेरीपर्यंत चालत जाणे, हे मोठ्या देणगीहून कमी नाही.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ही मदत केवळ आपल्या ज्ञातीच्या कैद्यास द्यावी, अशी अट घालू नये. बंदिशाळेच्या इतिहासाचे सार हेच की, जेथे जात पाहून माणसास वागविले गेले तेथे अन्याय झाला, आणि जेथे जात न पाहता विश्वास टाकला गेला तेथे खुनी माणसानेही नांगर धरून शेत पिकविले. ज्ञातीने जमविलेल्या बळाचा उपयोग ज्ञातीपलीकडच्या माणसासाठी झाला, तर त्या बळास कमीपणा येत नाही. उलट ते सार्थकी लागते. आमच्या पूर्वसूरींनी वसतिगृहे बांधली, तेव्हा त्यांनी कोठल्या तरी परक्या गावी एकट्या पडलेल्या मुलाचा विचार केला होता. तुरुंगाच्या दारात भेटीच्या वेळेची वाट पाहत उभी असलेली आई ही तशीच एकटी पडलेली असते. तिची जात विचारण्यापूर्वी तिला बसावयास जागा द्यावी आणि प्राधिकरणाच्या कचेरीची वाट दाखवावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्व ज्ञातिबंधु-भगिनींस आमची विनंती आहे.